चाळिशीनंतर पहिल्यांदाच उठलेलं पुरळ : राज्यातल्या फॅमिली डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रात जनरल प्रॅक्टिस करणारे सर्व डॉक्टर
(एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस, सगळेच)

सप्रेम नमस्कार.

पत्राचं कारण आधीच सांगून टाकते. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या पापण्यांवर, गळ्याखाली आणि बोटांच्या सांध्यांवर पहिल्यांदाच पुरळ उठलं असेल आणि हल्ली जिना चढताना त्याच्या मांड्या भरून येत असतील, तर कृपा करून ॲलर्जी समजून ट्यूब लिहून देऊ नका. तो डर्मॅटोमायोसायटिस असू शकतो, म्हणजे प्रतिकारशक्तीच बिघडून कातडी आणि स्नायू सुजवणारा आजार. आणि या वयात तो निघाला, तर शरीरात कुठे कॅन्सर दडून बसलाय का, हे शोधावंच लागतं.

मी एका जिल्ह्याच्या गावी त्वचारोगांची प्रॅक्टिस करते. हेच सगळं मी सीएमईमध्ये, म्हणजे डॉक्टरांसाठीच्या शिकवणी-सत्रांत, बोलले आहे. पण सीएमईला जे येतात ते बहुतेक वाचणारेच असतात; आणि दुपारच्या जेवणानंतरच्या सत्रात काळोख करून स्लाइड दाखवल्या की पुढे काय होतं ते आपण सगळे जाणतो. म्हणून हे पत्र, तेही उघड. रुग्णांच्या हाती पडलं तरी हरकत नाही, उलट बरंच.

पत्र स्किनवाल्यांना न लिहिता तुम्हाला का? कारण आमच्याकडे माणूस सगळ्यात शेवटी येतो. आधी शेजारीण सांगते की उष्णता झाली, सब्जा घे. मग मेडिकलवाला एक ट्यूब देतो. मग तुम्ही. तुमच्या हातात तो माणूस असतो तेव्हा आजार नुकता उमटत असतो, आणि त्याच्यावर स्टेरॉइडचे थर चढलेले नसतात. आम्हाला तो दिसतो तेव्हा अर्धी चिन्हं पुसली गेलेली असतात.

एका बाईंचं सांगते. ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील बदललेत, आजार बदललेला नाही. वय पन्नाशीच्या पुढे, घरची शेती, अंगानं काटक. पापण्या सुजल्या, काळवंडल्या, खाज सुटली. डॉक्टरांनी विचारलं, केसांना काय लावता? काळी मेंदी. मग काळ्या मेंदीची ॲलर्जी, मेंदी बंद, एक सुई, गोळ्या. हे निदान वेडगळ नव्हतं. काळ्या मेंदीने डोळे मिटतील इतक्या पापण्या सुजलेल्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. सुईने आठ-दहा दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. पुन्हा सुई. मेंदी बंद होऊन महिने लोटले तरी ॲलर्जी चालूच, आणि हे कसं काय, असं कुणी विचारलं नाही.

माझ्याकडे त्या आल्या तेव्हा चेहऱ्याच्या आधी माझं लक्ष गेलं ते त्यांच्या उठण्याकडे. बाकावर बसलेल्या होत्या. नाव पुकारल्यावर दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, पुढे झुकून, एक हिसका देऊन उठल्या. अंबाडा मुलीने बांधून दिला होता, कारण हात डोक्यापर्यंत धरवत नव्हते. मी विचारलं, तर म्हणाल्या, "ते मणक्याचं हाय, त्याची गोळी चालूय." म्हणजे हाडांच्या डॉक्टरांकडे त्यांची वेगळी फाइल होती. मानेचा एक्स-रे झालेला, पट्टाही दिलेला. चामडीचं एका फाइलमध्ये, ताकदीचं दुसऱ्या फाइलमध्ये, आणि दोन्ही एकाच बाईच्या पिशवीत. सीटी स्कॅनमध्ये अंडाशयाचा कॅन्सर निघाला, पोटात पसरलेला. आधी कळला असता तर कोणत्या टप्प्यावर सापडला असता, हे मला सांगता येणार नाही आणि दुसऱ्या कुणालाही नाही. पण मधले सगळे महिने सुया आणि ट्यूबमध्ये गेले, हे त्या पिशवीतल्या कागदांवर तारखांसकट लिहिलेलं होतं.

आता चिन्हांबद्दल जरा सविस्तर, कारण पुस्तकं इथेच आपल्याला दगा देतात. पुस्तकातले फोटो गोऱ्या कातडीचे. त्यात पापण्यांवर सुरेख फिकट जांभळा रंग दिसतो. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर तो तसा दिसत नाही. दिसतो तो मळकट तपकिरी, काजळी फासल्यासारखा. जांभळट छटा असलीच तर रुग्णाला खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात नेल्यावर कळते. ट्यूबलाइटखाली नाही. त्यामुळे याला वांग म्हणून सोडून दिलं जातं. पण वांग सुजत नाही, वांगाला खाज नसते, आणि वांग वरच्या पापणीवर सुरू होत नाही. ल्युपसचीही (प्रतिकारशक्ती बिघडून चेहऱ्यावर पुरळ आणणारा दुसरा आजार) गफलत होते. तिथे एक सोपी खूण आहे: नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी ल्युपस बहुधा सोडतो, डर्मॅटोमायोसायटिस सोडत नाही.

मग हात बघा. पालथे, टेबलावर ठेवून. बोटांच्या सांध्यांवर, अगदी उंचवट्यावर, चपटे लालसर-जांभळे किंवा काळपट फोड दिसतात. त्यांना गॉट्रनचे पॅप्यूल म्हणतात. ल्युपसमध्ये उलटं: सांधे स्वच्छ आणि मधल्या जागेवर पुरळ. कोपरांवर आणि गुडघ्यांवर असलं की तेच पुरळ सोरायसिस म्हणून खपून जातं. डोक्यात असलं तर कोंडा. डोक्याची खाज तर इतकी असते की काही रुग्ण फक्त तेवढीच तक्रार घेऊन येतात, आणि अँटिडँड्रफ शॅम्पू घेऊन परत जातात.

नखांच्या मुळाशी भिंग धरून बघायची सवय लावून घ्या. तिथली कातडी लाल, फाटकी, दाबली की दुखणारी असते, आणि तिच्यात जाड वाकड्या केशवाहिन्या दिसतात. भांडी-धुणी करणाऱ्या हातांची नखं तशीही फाटकीच असतात, म्हणून नुसत्या डोळ्यावर विसंबू नका. डर्मॅटोस्कोप (कातडी मोठी करून दाखवणारं भिंग) नसेल तर सोनोग्राफीची जेली नाहीतर खोबरेल तेलाचा एक थेंब लावून मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून पाहा. बऱ्याचदा काम भागतं.

गळ्याखालचा उघडा त्रिकोण, मानेची मागची बाजू, खांदे, आणि मांड्यांच्या बाहेरच्या बाजू. हे पाहायचं तर कपडे बाजूला करायला हवेत. इथे आपलं घोडं अडतं. टोकन नंबर साठ, बाहेर गर्दी, आत पडदा नाही, मदतनीस बाई नाही. मग रुग्ण सांगतो तेवढंच अंग आपण बघतो. मला ही अडचण माहीत आहे, माझ्याही ओपीडीत ती आहे. तरी चाळिशीच्या पुढचं, नवीन, दोन-तीन आठवड्यांत न हटणारं पुरळ असलेले रुग्ण दिवसात असे कितीसे असतात? तेवढ्यांपुरता पडदा ओढा.

स्नायूंची ताकद तपासायला तर काहीच लागत नाही. फक्त रोजच्या आयुष्यातलं विचारायचं. "अशक्तपणा आहे का?" असं विचारलं की आपल्याकडे प्रत्येकजण हो म्हणतो, त्याला अर्थ नाही. जमिनीवर बसल्यावर हात न टेकता उठता येतं का? एसटीची पहिली पायरी चढताना दांड्याला धरून अंग ओढून घ्यावं लागतं का? वेणी घालताना मध्येच हात खाली घ्यावे लागतात का? फळीवरचा डबा काढता येतो का? पाणी पिताना ठसका लागतो का, पाणी नाकावाटे परत येतं का? शेवटचा प्रश्न विसरू नका, गिळायला त्रास होत असेल तर मामला जास्त गंभीर. मग कॉटवर झोपवून उशीवरून नुसती मान उचलायला सांगा. नाही उचलता आली, तर मणक्याचा पट्टा देण्याआधी सीपीके (स्नायूंची नासाडी दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या.

मात्र सीपीके नॉर्मल आलं म्हणून फाइल मिटवू नका. काहींमध्ये स्नायू शाबूत असतात आणि आजार फक्त कातडीवर असतो. त्यांनाही कॅन्सरचा शोध चुकत नाही.

हा संबंध कुणाच्या डोक्यातून निघालेला नाही. डर्मॅटोमायोसायटिस आणि जठराचा कॅन्सर एकाच माणसात असल्याची नोंद जर्मनीत 1916 सालीच झाली. पुढची कित्येक वर्षं अशी एकेकटी उदाहरणं जमत गेली, आणि योगायोग असेल असं म्हणणारेही होते. तो वाद मिटवला उत्तर युरोपातल्या देशांनी, कारण त्यांच्याकडे प्रत्येक कॅन्सर रुग्णाची राष्ट्रीय नोंद असते. स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंड यांच्या नोंदी एकत्र करून 2001 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जो अभ्यास आला, त्यात डर्मॅटोमायोसायटिसचे 618 रुग्ण होते. त्यांपैकी 198 जणांना कॅन्सर होता. म्हणजे जवळपास तिघांत एकाला. त्यातल्या 115 जणांचा कॅन्सर डर्मॅटोमायोसायटिसचं निदान झाल्यानंतर सापडला. या 115 चा विचार करा. ही माणसं डॉक्टरांसमोर बसली होती, पुरळ दाखवत होती, आणि कॅन्सर अजून कुणाला माहीत नव्हता. अंडाशय, फुफ्फुस, स्वादुपिंड, जठर, मोठं आतडं आणि लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) हे त्यात ठळक होते. धोका सगळ्यात जास्त निदानानंतरच्या पहिल्या वर्षात. साधारण तीन वर्षांनंतर तो बराच उतरतो.

तिकडचे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावता येत नाहीत. पूर्व आशियात या आजारासोबत नाक-घशाच्या मागच्या भागाचा कॅन्सर जास्त सापडतो, तिथले डॉक्टर आधी तिथे दुर्बीण घालतात. आपल्याकडे तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे नेहमीचे कॅन्सर; तेव्हा शोधही तिथूनच सुरू करावा. तंबाखू खाता का, हे आपण पुरुषांना विचारतो. बायकांना "मिश्री लावता का?" असं विचारायचं असतं, नाहीतर उत्तर नाही असंच येतं.

पुरळ आणि कॅन्सर असे एकत्र का येतात, याचं उत्तर आता बऱ्यापैकी हाती आलं आहे. अशा कित्येक रुग्णांच्या रक्तात टीआयएफ-1 गॅमा किंवा एनएक्सपी-2 या प्रथिनांविरुद्धच्या अँटिबॉडी सापडतात. अंदाज असा की गाठीतल्या पेशींमध्ये ही प्रथिनं बिघडलेल्या रूपात किंवा प्रमाणाबाहेर तयार होतात, शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना परकं समजून तुटून पडते, आणि तीच प्रथिनं कातडीत आणि दुरुस्त होत असलेल्या स्नायूत असल्यामुळे मार तिथेही बसतो. शेतात शिरलेल्या गुरांना हाकलायला दगड भिरकवावेत आणि त्यात आपलंच पीक झोपावं, तशातली गत. म्हणजे पुरळ हा काही अंशी शरीराने कॅन्सरशी चालवलेल्या लढाईचाच भाग असतो. आणि आपण काय करतो? स्टेरॉइड देऊन लढाईचा आवाज बंद करतो आणि शांतता झाली म्हणून निश्चिंत होतो.

स्टेरॉइड वाईट नाही, हे इथेच सांगते, नाहीतर उद्या लोक गोळ्या बंद करून बसतील. डर्मॅटोमायोसायटिसचा उपचार स्टेरॉइडनेच सुरू होतो आणि त्याने माणसं वाचतात. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. निदान न करता दिलेलं स्टेरॉइड चिन्हं झाकतं, आणि निदान करून दिलेलं स्टेरॉइडसुद्धा कॅन्सरचा शोध संपवत नाही. अंगात ताकद आली, पुरळ मावळलं, घरचे खूश, डॉक्टर खूश. आतली गाठ मात्र वाढतच असते.

ट्यूबबद्दल काय बोलावं! क्लोबेटासोल (एक कडक स्टेरॉइड), एक अँटिफंगल, एक अँटिबायोटिक, सगळं एकाच ट्यूबमध्ये. या मिसळींनी आपल्या राज्यातला साधा गजकर्ण इतका बिघडवून ठेवलाय की तो आता पुस्तकातल्यासारखा दिसतच नाही. 2018 मध्ये केंद्र सरकारने बाह्य वापराची 14 स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तुमच्या गावच्या मेडिकलमध्ये जाऊन मागून बघा, मिळते का नाही ते.

बरं, डर्मॅटोमायोसायटिसचा संशय आला तर तुम्ही लगेच पेट स्कॅन लिहा असं मी म्हणत नाही. उलट ते करूच नका. मायोसायटिसवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने 2023 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्यात रुग्णांची जोखमीनुसार वर्गवारी आहे. त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे: डर्मॅटोमायोसायटिस आहे आणि आजार चाळिशीनंतर सुरू झालाय, एवढ्या दोनच गोष्टींवर रुग्ण उच्च जोखमीत जातो. अँटिबॉडीचा महागडा रिपोर्ट येण्याची वाट बघावी लागत नाही. अशांना सुरुवातीलाच सविस्तर तपासणी लागते: मान ते ओटीपोट असा सीटी, बायकांना मॅमोग्राफी, गर्भाशयमुखाची तपासणी, ओटीपोटाची सोनोग्राफी आणि सीए-125 (अंडाशयाच्या कॅन्सरसाठीची रक्ततपासणी), पुरुषांना पीएसए (प्रोस्टेटसाठीची), शौचातल्या न दिसणाऱ्या रक्ताची तपासणी. मग पुढची तीन वर्षं दरवर्षी प्राथमिक तपासण्या. एकदा शोधलं, नाही सापडलं, सुटलो, असं इथे नसतं.

यातलं निम्मं काम हाताने होतं आणि फुकट होतं. तोंडात बॅटरी मारून गाल आणि जिभेच्या कडा पाहणं. स्तन चाचपणं. मानेतल्या, काखेतल्या गाठी. पोटावर हात ठेवणं. वजन काट्यावर घेणं आणि ते कागदावर लिहून ठेवणं, कारण पुढच्या महिन्यात ते चार किलोने उतरलंय हे कळायला आजचा आकडा लागतो. पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावर गेलंय का, हे विचारणं. आम्ही स्पेशालिस्ट मंडळी हे करत नाही, ही माझ्याच बिरादरीची लाज आहे. आम्ही कातडीचा तुकडा पाठवतो, संधिवाताचे डॉक्टर अँटिबॉडी पाठवतात, मेंदूचे डॉक्टर ईएमजी (स्नायूंतल्या विजेची तपासणी) करतात, आणि बाईंची अंतर्गत तपासणी करायची राहून जाते कारण ते प्रत्येकाला दुसऱ्याचं काम वाटतं. या टोलवाटोलवीत ज्याच्याकडे अख्खा माणूस असतो असा एकच डॉक्टर उरतो, तो म्हणजे तुम्ही.

पुरळाआड लपलेल्या कॅन्सरबद्दल लिहितेच आहे, तर आणखी एका गोष्टीवर थांबायलाच हवं. स्तनाग्रावरचं इसब. सर जेम्स पॅजेट या इंग्रज सर्जननी 1874 मध्ये लिहून ठेवलं की स्तनाग्रावर बरं न होणारं इसबासारखं पुरळ असलेल्या साधारण पंधरा बायका त्यांनी पाहिल्या, आणि त्या सगळ्यांच्या त्याच स्तनात पुढे कॅन्सर झाला. दीडशे वर्षं झाली. तरी आजही माझ्याकडे अशा बायका येतात ज्यांनी महिनोन् महिने ट्यूब लावली आहे आणि ती जागा एकाही डॉक्टरने पाहिलेली नाही. बाई लाजून सांगते, "छातीला खाज येते". डॉक्टर अवघडून खाली मान घालून मलम लिहितो. दोघांच्याही संकोचाचं मला नवल वाटत नाही. पण खूण अगदी सोपी आहे: साधं इसब बहुधा दोन्ही बाजूंना असतं आणि भोवतालच्या काळ्या भागावर सुरू होतं. पॅजेटचा आजार एकाच बाजूला, आधी स्तनाग्रावर, आणि मग बाहेर पसरतो. एकाच बाजूचं, दोन-तीन आठवड्यांच्या उपचाराने न भरणारं असलं की मॅमोग्राफी आणि बायोप्सी. सुई लावली की कॅन्सर पसरतो, असं घरचे म्हणतीलच. पसरत नाही, हे तुमच्याकडून ऐकलं तर त्यांना पटतं, आमच्याकडून तेवढं पटत नाही. आम्ही परके, तुम्ही त्यांच्या तीन पिढ्यांचे डॉक्टर.

बाकीचं झटपट. ताप, अंगावर अचानक उठलेले दुखरे लाल उंचवटे आणि रक्तात न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले, याला स्वीट सिंड्रोम म्हणतात. बऱ्याचदा तो एखाद्या संसर्गानंतर किंवा औषधाने येतो, पण काहींमध्ये मागे रक्ताचा कॅन्सर असतो, म्हणून सीबीसी नीट वाचा, नुसतं हिमोग्लोबिन बघून सोडू नका. पुरळ काहीच नाही आणि सर्वांगाला खाज, सोबत वजन उतरतंय, रात्री घाम येतो, तर मानेतल्या आणि काखेतल्या गाठी चाचपा. ढुंगणावर आणि मांड्यांवर वर्षानुवर्षं असलेले, ना धड इसब ना धड सोरायसिस असे चट्टे, किंवा शिबं म्हणून, कोड म्हणून उपचार करूनही न हटणारे फिकट डाग कातडीच्याच लिम्फोमाचे असू शकतात. एमडीच्या तोंडी परीक्षेत मात्र आम्हाला विचारतात लाकडाच्या कापासारखी वर्तुळं उमटणारं ते दुर्मिळ पुरळ. ते मी अजून पुस्तकाबाहेर पाहिलेलं नाही. डर्मॅटोमायोसायटिस पाहते, आणि उशिरा पाहते.

आता उलटी काळजी. हे वाचून कुणी सोरायसिसच्या प्रत्येक रुग्णाचा सीटी काढू नये. डर्मॅटोमायोसायटिस तसा विरळा, दर लाखात वर्षाला एखादा नवा रुग्ण. इसब, गजकर्ण, सोरायसिस, पित्त या नेहमीच्या आजारांमागे कॅन्सर नसतो, आणि त्यांना तसं भिववणं हा सरळ अन्याय आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये दिल्लीत एका 19 वर्षांच्या अभिनेत्रीचं डर्मॅटोमायोसायटिसने निधन झालं, तेव्हा कित्येक आया मुलांच्या गालावरचे साधे पांढरे डाग दाखवायला आल्या होत्या. लहान मुलांच्या डर्मॅटोमायोसायटिसचा कॅन्सरशी असा संबंध नसतो. तो आजार स्वतःच पुरेसा कठीण आहे, पण त्यात कॅन्सर शोधत बसायचं नसतं.

त्याच वर्षी साडीने कॅन्सर होतो अशा बातम्या व्हॉट्सॲपवर फिरल्या. त्या निव्वळ अफवा नव्हत्या. वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी परकराची नाडी वर्षानुवर्षं कमरेला काचून झालेल्या जखमेत कॅन्सर झाल्याचं छापलं होतं. आपल्याकडे ही गोष्ट जुनीच. टाटा मेमोरियलमधल्या डॉ. वसंत खानोलकरांनी सहकाऱ्यांसह 1945 मध्येच धोतराच्या गाठीमुळे कमरेवर होणाऱ्या कॅन्सरची नोंद केली होती. पण तो सगळा प्रकार वेगळा: तिथे कातडीच्या जुनाट जखमेतच कॅन्सर होतो. मी सांगते आहे ते बरोबर उलट, आतल्या कॅन्सरची वर्दी कातडी देते. परकराची बातमी घरोघरी पोचली, कारण ती सांगायला सोपी होती. ही तशी नाही, म्हणून ती डॉक्टरांकडूनच पोचावी लागेल.

आणखी एक, कॅन्सरचे उपचार झालेल्यांसाठी. ज्यांना डर्मॅटोमायोसायटिसमुळे कॅन्सर सापडला आणि उपचार होऊन पुरळही गेलं, त्यांच्या पापण्यांवर किंवा बोटांवर पुन्हा तसंच उठू लागलं, तर ऑन्कॉलॉजिस्टची पुढची तारीख येईपर्यंत थांबू नका. पुरळ परत येणं ही कॅन्सर परतल्याची खूण असू शकते, आणि ती सगळ्यांत आधी दिसते तुमच्याकडे, सर्दी-खोकल्याला आलेल्या रुग्णात.

माझी मागणी छोटी आहे. असा रुग्ण दिसला की स्टेरॉइडची सुई द्यायच्या आधी एक चिठ्ठी लिहा. लेटरहेड नसलं तरी चालेल, आमच्याकडे कित्येक चिठ्ठ्या औषध कंपनीच्या पॅडवर येतात. त्यावर एवढंच: पुरळ कधीपासून आणि कुठे कुठे. उठता-बसता, हात वर करता, गिळता त्रास आहे का. आजवर कोणती ट्यूब, कोणती सुई, किती दिवस. आजचं वजन. जवळ मेडिकल कॉलेज असेल तर तिथल्या त्वचा विभागात पाठवा. खाजगीतच पाठवलं पाहिजे असं नाही, आणि पैशांचं विचारूनच पाठवा, नाहीतर माणूस अर्ध्या वाटेतून घरी जातो. मोबाइलवर पापण्यांचा आणि पालथ्या हातांचा फोटो काढून रुग्णाच्याच फोनमध्ये ठेवून द्या, खिडकीजवळच्या उजेडात. आमच्यापर्यंत पोचेतो पुरळ मावळलेलं असलं, तरी तो फोटो पुढचे दोन महिने वाचवतो.

आणि अधूनमधून फोन करून विचारा, की पाठवलेल्या त्या बाईंचं काय निघालं. आमच्यापैकी फार थोडे आपणहून कळवतात. त्याबद्दल तुम्ही आम्हाला सुनवायला हरकत नाही.

आपली,
तुमच्याच जिल्ह्यांतली एक त्वचारोगतज्ज्ञ